गावामागच्या खाणीचा झोन बदलतोय? हरकत घ्यायच्या आधी काय काय करायचं

आमचं गाव पुण्याच्या पूर्वेला आहे, २०२१ ला जी २३ गावं महापालिकेत गेली त्यातलंच एक. गावामागं टेकडी होती, आता तिथं खड्डा आहे. ३०-३५ वर्षं खडी निघाली, अर्ध्या पुण्याचे स्लॅब त्यातून पडले असतील, आणि आता दगड संपत आला तसा त्या जमिनीचा झोन, म्हणजे नकाशात ठरवलेला वापर, बदलून रहिवासी करायची हालचाल सुरू झाली. अशा वेळी गावातल्या लोकांनी काय करायचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, इकडून तिकडून विचारत शिकलो, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

पहिली गोष्ट, हद्दवाढ आणि झोन बदल या दोन वेगळ्या फायली आहेत. लोक इथंच गोंधळतात. गाव महापालिकेत घ्यायचं काम नगरविकास खातं महापालिका अधिनियमाच्या कलम ३ खाली करतं, त्याची आधी प्रारूप अधिसूचना निघते, त्यावर हरकती मागवतात आणि मग अंतिम अधिसूचना. आमच्या वेळी प्रारूप डिसेंबर २०२० ला आली आणि अंतिम ३० जून २०२१ ला. पण गाव हद्दीत आलं म्हणून खाणीचा झोन आपोआप बदलत नाही, तो एमआरटीपी कायद्याखाली, म्हणजे १९६६ च्या नगररचना कायद्याखाली बदलतो आणि त्याची नोटीस वेगळी निघते. त्यात आमच्याकडं अजून एक गंमत नाही तर त्रास असा झाला की गावं महापालिकेची पण नियोजन प्राधिकरण, म्हणजे नकाशा ठरवणारं ऑफिस, म्हणून नेमलं पीएमआरडीएला (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला), त्यामुळं रस्ता-पाणी एका ऑफिसात आणि नकाशा दुसऱ्या ऑफिसात. तर तुमच्या गटाचा झोन दाखला आज कोण देतंय ते आधी विचारा, हरकत त्याच्याच नावानं जाते.

गाव अजून हद्दीत गेलं नसेल, फक्त चर्चा असेल, तर एक काम उद्याच करा. ग्रामपंचायतीतून खाणीबद्दलचे सगळे ठराव, ना-हरकत दाखले, ग्रामसभेचं प्रोसिडिंग, जुने तक्रार अर्ज यांच्या सही-शिक्क्याच्या नकला काढून घ्या. एकदा दप्तर महापालिकेकडं गेलं की ते कुठल्या कपाटात आहे हे सांगणारा माणूस सापडत नाही. आमच्या गावाच्या एका ग्रामसभेनं क्रशरला वेळेची अट घातली होती, रात्री ८ नंतर बंद, तो ठराव आज कोणाकडंच नाही आणि तोंडी सांगून उपयोग होत नाही.

आता कागद. गटाचा ७/१२ काढा, इतर हक्कात काय लिहिलंय ते वाचा, जुने फेरफार काढा. जमीन खाजगी आहे का गायरान, सरकारी, हे इथंच कळतं आणि त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, कारण सरकारी जमिनीवरचा खाणपट्टा, म्हणजे खाण चालवायचा करार, संपला तर तिथं बाग, तलाव, मैदान असं आरक्षण मागणं बरंच सोपं जातं. मग झोन दाखला आणि पार्ट प्लॅन, म्हणजे नकाशातला आपल्या गटापुरता भाग. जुना झोन काय होता ते बघा, शेती, औद्योगिक, का डोंगरमाथा-डोंगरउतार. हे शेवटचं फार महत्त्वाचं. १:५ (पाच मीटर आडवं गेलं की एक मीटर वर) किंवा त्याहून जास्त चढ असेल तर बांधकाम होत नाही, पण टेकडी कापून सपाट केली की चढच राहत नाही आणि मग "इथं कुठंय डोंगरउतार" असा प्रश्न पुढं येतो. त्याला उत्तर म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना टोपोशीट नकाशा, त्यावर कंटूरच्या, म्हणजे उंची दाखवणाऱ्या, रेषा दिसतात, टेकडी होती हे कागदावर सिद्ध होतं. सोबत गूगल अर्थवर जुन्या तारखांचे फोटो बघता येतात, दरवर्षीचा एक असे स्क्रीनशॉट काढून तारीख दिसेल असे प्रिंट करा. खड्डा कसा वाढत गेला ते सुनावणीत बोलून सांगण्यापेक्षा हे पाच प्रिंट जास्त बोलतात.

खाणीचे कागद वेगळे. खाणपट्ट्याचा आदेश, मुदत, पर्यावरण मंजुरी, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, आणि खाण बंद करताना काय करायचं त्याचा आराखडा. हे कोणी हातात आणून देत नाही, आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज, टाका. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेला एक आणि तहसीलदारांना एक असे दोन वेगळे अर्ज द्या. प्रश्न विचारू नका, कागद मागा. "खाण कायदेशीर आहे का" असं विचारलं की उत्तर टाळता येतं, "गट नंबर अमुकच्या खाणपट्टा आदेशाची, मोजणी अहवालाची आणि भरलेल्या स्वामित्वधनाच्या चलनांची प्रत द्यावी" असं लिहिलं की टाळता येत नाही.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. खड्डा मोजून घ्या. नकाशावर रहिवासी झोनचा पिवळा रंग भरला म्हणून खड्डा भरत नाही. झोन बदलायच्या आधी त्या खाणीची ईटीएस (जमीन मोजायच्या इलेक्ट्रॉनिक) मशीननं किंवा ड्रोननं मोजणी व्हावी ही मागणी हरकतीत सगळ्यात वर पाहिजे. का ते आकड्यांत सांगतो. समजा खड्डा १०० मीटर लांब, ६० मीटर रुंद, २० मीटर खोल आहे, आमच्याकडं हा लहान खड्डा झाला. म्हणजे १ लाख २० हजार घनमीटर. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर, तर झाले ४२ हजार ४०० ब्रासच्या आसपास. ६०० रुपये ब्रासनं रॉयल्टी, म्हणजे तेच स्वामित्वधन, धरली तर अडीच कोटी रुपये. आता चलनांची बेरीज करा आणि बघा किती ब्रासची भरली आहे. आधीच्या वर्षांना दर कमी होता त्यामुळं रुपये लावताना त्या त्या वर्षाचा दर लावा, पण ब्रास तर ब्रासच असतात. फरक मोठा निघाला तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली दंड लागतो, आणि ही वसुली बाकी असताना झोन बदलू नये असं तुम्ही ठामपणे लिहू शकता.

तोच आकडा भरावाला पण लावा. एक हायवा, म्हणजे मोठा डंपर, १६ घनमीटर माती आणते असं धरलं तर तो खड्डा भरायला साडेसात हजार खेपा लागतात. एवढी माती कुठून येणार, कुठल्या रस्त्यानं येणार, त्यात राडारोडा असेल का कचरा, त्या रस्त्यावर शाळा आहे का, हे विचारा. आणि भरून झाल्यावर सैल भरावावर बारा मजली बिल्डिंग उभी राहणार असेल तर जमिनीचा तपासणी अहवाल कुठाय. फ्लॅट घेणारी माणसं पण आपलीच आहेत, ती आयुष्यभराची कमाई त्यात घालतात, त्यांना कोणी सांगणार नाही की खाली खाण होती.

पाण्याचं सुद्धा बघा. आपल्याकडं काळा दगड, पाणी फटींमधून फिरतं. खाण चालू असताना पंपानं पाणी उपसत होते तेव्हा आमच्या विहिरी फेब्रुवारीत आटायच्या, उपसा थांबला आणि खड्ड्यात पाणी साठलं तशा त्याच विहिरी एप्रिलपर्यंत टिकायला लागल्या. ते पाणी निळंशार दिसतं पण काठ सरळ तुटलेला आहे, पोरं पोहायला जातात आणि वर यायला जागा सापडत नाही. त्यामुळं कुंपण लगेच पाहिजे, झोनचं काय व्हायचं ते होऊ दे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा अहवाल घेतल्याशिवाय खड्डा बुजवू नये अशी अट मागा, आणि जमीन सरकारी असेल तर सरळ तलाव म्हणूनच ठेवा असं लिहा.

अजून एक, खाणीवर दगड फोडायला राहणारी वडार समाजाची कुटुंबं. वाघोलीत त्यांच्या लेकरांसाठी पाषाण शाळा निघाल्या, म्हणजे किती वर्षं ही माणसं तिथं आहेत बघा, पण ७/१२ वर त्यांचं नाव नाही आणि झोन बदलला की पहिल्यांदा त्यांच्याच झोपड्या हलतात. त्यांचे रेशनकार्ड, मतदार यादी, लाईट बिल, शाळेचे दाखले जमवून द्या आणि त्यांची हरकत त्यांच्या नावानं वेगळी घाला.

हरकत कुठल्या कलमाखाली ते नोटीसमध्येच असतं. प्रादेशिक योजनेतला बदल असेल तर कलम २०, मंजूर डीपीतला (विकास आराखड्यातला) किरकोळ फेरबदल असेल तर कलम ३७, आणि सगळा नवीन डीपी असेल तर कलम २६. मुदत साधारण महिन्याचीच असते आणि नोटीस राजपत्रात आणि पेपरात कोपऱ्यात येते, म्हणून गावातल्या दोन जणांनी पेपरातल्या जाहीर सूचना रोज बघायच्या असं ठरवून घ्या. मजकूर साधा ठेवा: "गट नंबर अमुक मधील इतक्या हेक्टर क्षेत्राचा विभाग बदलण्यास आमची हरकत आहे, कारण खालीलप्रमाणे. तरीही बदल करायचा झाल्यास खालील अटी मंजुरीच्या आदेशातच नमूद कराव्यात." हे दुसरं वाक्य विसरू नका. नुसता विरोध फेटाळला की हातात काही राहत नाही, अटी मागितल्या असतील तर त्यातल्या दोन तरी पदरात पडतात. आणि ३०० सह्यांचं एकच निवेदन देण्यापेक्षा ३०० वेगळे अर्ज द्या, प्रत्येकाला वेगळा नंबर मिळतो. दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. एका ऑफिसात मला "ठेवून जा, शिक्का उद्या देतो" म्हणाले, मी ठेवून आलो, आणि सुनावणीच्या यादीत माझं नावच नव्हतं. तेव्हापासून पोच मिळेल अशा पोस्टानं पण एक प्रत पाठवतो.

सुनावणीत प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं मिळतात. डीपी असेल तर समोर नियोजन समिती असते, स्थायी समितीचे तीनपर्यंत सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले चारपर्यंत तज्ज्ञ. तिथं रागावून काही होत नाही, मोजणीचा आकडा सांगा, प्रिंट पुढं ठेवा, अटींचा कागद वाचून दाखवा आणि आपलं म्हणणं लेखी देऊन पोच घ्या. म्हाताऱ्या माणसांना सोबत न्या, आमच्या आळीतल्या एका आजोबांनी टेकडीवर गुरं कुठून चढायची ते पार्ट प्लॅनवर बोट ठेवून दाखवलं तेव्हा समितीतले साहेब खुर्चीतून पुढं वाकून बघायला लागले.

एवढं करून पण वर्षं जातात, हे डोक्यात ठेवा. पीएमआरडीएचा प्रारूप डीपी २०२१ ला आला, लोकांनी हजारो हरकती घातल्या, सुनावण्या झाल्या आणि २०२५ मध्ये तो सगळाच रद्द झाला. म्हणून फाईल फेकू नका, नवीन नोटीस निघाली की तेच कागद परत लागतात आणि जुन्या हरकती तिथं चालत नाहीत, नव्यानं द्याव्या लागतात. आणि अंतिम अधिसूचना निघाली की राजपत्रातली प्रत काढून अटींचं परिशिष्ट ओळीओळीनं वाचा, मोजणी, कुंपण, भूजल अहवाल यातलं काय छापून आलंय ते बघा, आणि जे आलंय त्याची नोंद त्या गटाच्या इतर हक्कात घ्यावी असा अर्ज त्याच आठवड्यात तलाठ्याकडं देऊन पोच घ्या.