हार्ड कार्बनवर काम सुरू करताय? आधी शून्य व्होल्टजवळ काय होतं ते बघा

सोडियम-आयन बॅटरीच्या ॲनोडसाठी ग्रॅफाइट चालत नाही, त्यात सोडियम धड शिरत नाही, म्हणून हार्ड कार्बन (कितीही तापवला तरी ग्रॅफाइट न बनणारा कार्बन), आणि तो करवंटीपासून लिग्निनपर्यंत कशाचाही करता येतो, एवढं तुम्हाला माहीत आहेच. त्यामुळे नवा माणूस आधी वनस्पती शोधत सुटतो. 'या पानांवर अजून कुणी काम केलेलं नाही' हे वाक्य प्रस्तावनेत खपतं, इलेक्ट्रोडला त्याचं सोयरसुतक नसतं. एकच कच्चा माल घ्या, एकाच खेपेचा, भरपूर. आम्लाने धुवा. पोटॅशियम, कॅल्शियम बरंचसं निघून जातं. सिलिका मात्र हायड्रोक्लोरिक आम्लाला दाद देत नाही.

पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून पृष्ठफळ वाढवण्याच्या नादी लागू नका. ती सुपरकपॅसिटरवाल्यांची चाल आहे. इथे जितका पृष्ठभाग उघडा, तितकं इलेक्ट्रोलाइट त्यावर विघटित होतं आणि पहिल्याच चार्जमध्ये सोडियम कायमचं अडकतं. हाफ सेलमध्ये, म्हणजे चाचणीच्या सेलमध्ये, कार्बनसमोर सोडियमचा अख्खा पत्रा असल्याने हा तोटा बोचत नाही. फुल सेलमध्ये, म्हणजे खऱ्या बॅटरीत, सोडियम कॅथोडमध्ये असेल तेवढंच, त्यामुळे तो कॅथोडच्या खिशातून जातो.

आता माझे महिनेच्या महिने ज्यात गेले ते सांगतो. मंद करंटला ३०० मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅमच्या आसपास देणारा कार्बन, करंट वाढवला की निम्म्याच्याही खाली यायचा. गाइडचं निदान तयार होतं: मटेरियल मंद आहे, नायट्रोजन डोप करा, म्हणजे कार्बनमध्ये थोडा नायट्रोजन मिसळा. केलं. फरक शून्य.

सोडियम भरतानाचा व्होल्टेज-क्षमता आलेख नीट बघा. उतार संपला की ०.१ व्होल्टखाली सपाट भाग लागतो आणि चांगल्या तापवलेल्या कार्बनची निम्मी किंवा त्याहून जास्त क्षमता तिथेच असते. आपण कट-ऑफ, म्हणजे भरणं थांबवायची मर्यादा, ठेवतो ० व्होल्टला. म्हणजे हाताशी उरतात शंभराहूनही कमी मिलिव्होल्ट. सायकलर (सेल चार्ज-डिस्चार्ज करणारं यंत्र) मोजतो तो दोन्ही इलेक्ट्रोडमधला फरक. करंट वाढला की समोरच्या सोडियमचं स्वतःचं विभव (पोटेन्शियल) वर सरकतं. कार्बन अजून ४० मिलिव्होल्टवर असतो, सोडियमही ४० वर पोचलेलं असतं, फरक शून्य, सायकलर थांबतो. सपाट भाग सुरू होता होताच कापला जातो आणि खापर कार्बनवर फुटतं.

तपासणं सोपं आहे. मंद करंटने सोडियम भरा आणि वेगाने फक्त काढा, काढताना शून्याचा कट-ऑफ आड येत नाही. क्षमता बरीचशी टिकली, तर कार्बन निर्दोष. शक्य असेल तर तीन इलेक्ट्रोडचा सेल जोडा, रेफरन्सला, म्हणजे करंट न वाहणाऱ्या तिसऱ्या इलेक्ट्रोडला, सोडियमचा छोटा तुकडा पुरतो. पत्र्यावरचा मळकट थर खरवडूनच वापरा, ग्लोव्ह बॉक्समध्येसुद्धा (हवा-ओलावा बाहेर ठेवणारी बंद पेटी) तो धरतो. हे गाइडला विचारत बसू नका. सेल स्वतःच्या हाताने जोडणारा सीनियर गाठा, तो तासाभरात मार्गाला लावेल.

घाबरू नका, पहिले कॉइन सेल (नाण्याएवढे चाचणीचे सेल) सगळ्यांचेच वेडेवाकडे येतात. एकाच इलेक्ट्रोडचे तीन सेल तीन उत्तरं देतात, तेही नॉर्मल आहे. पण एकाच सेलचा आकडा पेपरात टाकलात तर रिव्ह्यूअर सोडणार नाही, आणि सोडूही नये.

विषय पक्का करण्याआधी लॅबची भट्टी किती तापते ते मात्र विचारून घ्या. सपाट भाग लांब हवा असेल तर बहुधा १२०० ते १५०० अंश सेल्सिअस लागतात, आणि बऱ्याच साध्या ट्यूब फर्नेस ११००-१२०० लाच थांबतात.