नदीकाठी रात्रीचा मुक्काम: तंबू टाकण्याआधी आणि नंतर

नागपूरच्या आसपास नदीकाठी राहायला नोव्हेंबर ते जानेवारी हे दिवस उत्तम. नाग आणि पिली नदी आधीच वगळा, त्यांत शहराचं सांडपाणी वाहतं. उरतात कन्हान, पेंच, कोलार. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आपल्या मनाने तंबू टाकता येत नाही. बाहेरची जमीन वनखात्याची असेल तर त्यांची परवानगी लागते, शेत असेल तर मालकाची. पारशिवनी-रामटेककडे वाघ जंगलाबाहेरही येतात. तिथे झुडपी काठ नको, गावालगतचं मोकळं शेत बघा आणि पोलीस पाटलांना सांगून ठेवा.

दिवस मावळायच्या दोन तास आधी पोहोचा, कारण जागा उजेडातच कळते. काठावरच्या झुडपांत अडकलेला काडीकचरा आणि पन्नी शोधा. पूर तिथपर्यंत चढला होता. तंबू त्या खुणेच्याही वर, पाण्यापासून साठ मीटर तरी दूर हवा. पात्रातली सपाट रेती किंवा मधलं बेट कितीही सुंदर दिसलं तरी तिथे झोपू नका. कन्हान आणि पेंच दोन्ही छिंदवाड्याच्या सातपुड्यातून येतात. तिकडे पाऊस पडला की इथे चांदणं असतानाही पाणी वाढू शकतं. वर धरण असेल तर पावसाचीही गरज नाही. पाणी सोडणार आहेत का, ते गावात विचारा.

पाण्याच्या कडेला एक काडी रोवून ठेवा आणि झोपण्याआधी ती बघा. काडी पाण्यात गेली, पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहू लागला किंवा आवाज बदलला, तर सामान सोडून आधी माणसं वर न्या. गाडीही पात्रात उतरवू नका.

तंबूच्या वर वाळलेली फांदी नको, खाली बाभळीचे काटे नकोत. झिप सतत बंद ठेवा. मण्यार रात्री फिरतो, झोपलेल्या माणसाला चावतो आणि पुष्कळदा दुखतही नाही, सूजही येत नाही. सकाळी पापण्या जड झाल्या, पोट दुखू लागलं किंवा गिळता येईना, तर साप दिसला नसला तरी थेट रुग्णालय गाठा. चावा लक्षात आला तर अंग हलवू न देता 108 ला फोन करा. आवळून बांधणं, चिरणं, चोखणं काहीही नको. बूट झटकून घाला, टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका.

पोहायचा मोह आवरा, कन्हानमध्ये तर नक्कीच. रेती उपशाने तळाशी खड्डे पडतात. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोहात जातं आणि खड्ड्याची रेतीची कड पायाखालून ढासळते. पंधरा मीटर दोर पाच लिटरच्या कॅनला बांधून काठावर तयार ठेवा. कॅनमध्ये ग्लासभर पाणी घाला, म्हणजे ती दूर फेकता येते. झाकण घट्ट लावा. बुडणाऱ्याकडे कॅन फेका, स्वतः उडी मारू नका.

प्यायला माणशी चार-पाच लिटर पाणी घरून न्या. नदीचं पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण त्यात मिसळलेली रसायनं तशीच राहतात. स्वयंपाक गॅसवर करा. शेकोटी पेटवलीच तर छोटी आणि मोकळ्या जमिनीवर. 15 फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम, तेव्हा ती मुळीच नको. विझवताना रेती टाकू नका. खाली निखारे तासन्‌तास धगधगत राहतात आणि सकाळी अनवाणी पोराचा पाय भाजतो. पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. हात लावून राख गार लागेपर्यंत हेच करा.

भांडी आणि आंघोळ पाण्यापासून साठ मीटर दूर, बादलीने. साबण नदीत जाऊ देऊ नका, ‘हर्बल’ असला तरी. शौचाला तेवढ्याच अंतरावर वीतभर खोल खड्डा करा, नंतर माती लोटा. सॅनिटरी पॅड, डायपर मात्र पिशवीत परत न्या. उरलेलं अन्न तंबूत ठेवलं तर रानडुक्कर येतं. ते घट्ट डब्यात, गाडीत ठेवा. निघताना पन्नी, बाटलीची झाकणं, दोरीचे तुकडे वाकून वेचा. आधीच्या लोकांचं राहिलेलंही उचला, कारण तिथेच गावची गुरं पाण्यावर येतात.