दिल्लीतल्या निर्वासित कुटुंबाला सरकारी दवाखान्यात कसं न्यायचं

मी मूळची सांगलीची, दिल्लीत नर्स आहे. इथे शिकायला, नोकरीला आलेली आपली मुलं विचारतात, ताई, निर्वासित वस्तीत आम्ही काय करू? माझं उत्तर ठरलेलं असतं. गोळ्यावाटपाचं शिबिर नको. एक कुटुंब धरा आणि त्याला सरकारी दवाखान्याची वाट पाठ होईपर्यंत सोबत जा.

विकासपुरी, उत्तमनगरकडे म्यानमारचे चिन लोक आहेत, लाजपतनगर-भोगलला अफगाण, कालिंदी कुंजच्या बाजूला रोहिंग्या. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे वेगळा निर्वासित कायदाही नाही. त्यामुळे बहुतेकांच्या हातात आधार नसतं, यूएनएचसीआरचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्ड असतं. खिडकीवरून ‘आधार?’ एवढं आलं की बाई पोराला घेऊन मागे फिरते. अशा वेळी खिडकीशी हुज्जत घालू नका. रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला गाठा, नाहीतर वैद्यकीय अधीक्षकांचं ऑफिस. कलम २१ मधला जगण्याचा हक्क फक्त नागरिकांपुरता नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९६ साली चकमा निर्वासितांच्या खटल्यात सांगितलंय. तातडीच्या रुग्णाला आधी उपचार, बाकी सगळं नंतर, हा परमानंद कटारा खटल्यातला निकाल तर १९८९ चा.

केसपेपरवर नाव कार्डावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर लिहून घ्या. अनेकांना आडनाव नसतं. कारकून अंदाजाने एखादं चिकटवतो आणि पुढे रिपोर्ट कुणाचा तेच जुळत नाही. कार्डाचा फोटो कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा नाही, मदत मागायलासुद्धा नाही.

दुभाषा म्हणून घरातलं शाळकरी पोर कधीही उभं करू नका. आईची पाळी, अंगावरून जाणं, नवऱ्याची मारहाण हे तिने लेकाच्या तोंडून सांगायचं का? बाईला बाईच दुभाषी हवी. बोलताना नजर रुग्णावर ठेवा. शेवटी ‘समजलं का?’ विचारू नका, मान सगळेच हलवतात. ‘ही गोळी कधी घेणार, सांगा’ असं विचारा. रमजानमध्ये तर नक्कीच. साखरेच्या रुग्णाचे रोजे आणि गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांशी आधीच ठरवून घ्यायला हव्यात.

अफगाण मुलांच्या लसीकरण कार्डापाशी नवखे लोक हमखास अडतात, कारण त्यावरचं साल १४०१ असं काहीतरी असतं. ते सौर हिजरी साल. २१ मार्चच्या सुमारास सुरू होतं. डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर सालात ६२१ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या नवरोजपर्यंत, म्हणजे त्यांच्या नववर्षापर्यंत ६२२. महिने राशींवर आहेत: हमल म्हणजे मेष, मिझान म्हणजे तूळ. मात्र आपली मेषसंक्रांत एप्रिलच्या मध्यावर येते, त्यांचा हमल मार्चातच लागतो. म्हणजे १० मिझान १४०१ ही २ ऑक्टोबर २०२२. एवढं इंग्रजी तारखांत लिहून कार्डाला टाचलं की लसीकरणाच्या ताईंचं काम सोपं होतं. झालेले डोस पुन्हा पहिल्यापासून द्यायचे नसतात, राहिलेत तिथून पुढे द्यायचे. पोलिओबाबत ढिलाई नको, अफगाणिस्तानात तो अजून संपलेला नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी टीबीची वाटते. औषध फुकट आहे, पण साधा टीबी असला तरी सहा महिने घ्यावं लागतं, आणि ही माणसं भाडं परवडेनासं झालं की रातोरात खोली बदलतात. म्हणून निक्षय आयडी, म्हणजे टीबी रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक, घरातल्या दोघांच्या फोनमध्ये टाकून ठेवा. तो असला की उपचार नव्या भागातल्या केंद्राकडे वर्ग होतात. निक्षय पोषण या सरकारी योजनेतून टीबी रुग्णाला खुराकासाठी मिळणारे महिन्याचे हजार रुपये बँक खात्यात येतात आणि खातं उघडणंच यांना जड जातं. ते मार्गी लागेपर्यंत डाळ, अंडी, शेंगदाणे कुणाकडून मिळतील ते गोळ्या सुरू व्हायच्या आधी ठरवा.

दुसऱ्या खेपेला सोबत जा, पण केसपेपर त्यांना काढू द्या. तिसऱ्या खेपेला फोन चालू ठेवून घरीच थांबा.