चुलीचं सरपण: फोडण्यापासून राखेपर्यंतची स्वस्त साधनं

गॅस घरोघर आला, तरी खान्देशात आंघोळीचं पाणी, बट्ट्या (विस्तवावर भाजलेले कणकेचे गोळे) आणि खापरावरचे (पालथ्या मातीच्या भांड्यावरचे) मांडे यांसाठी चूल पेटतेच. भरताची वांगी गॅसवर भाजली की खाणारा पहिल्या घासाला ओळखतो. चुलीबद्दल तक्रार एकच, ती धुराची. त्यापायी महागडी शेगडी आणण्याआधी दोन गोष्टी करून पाहा: लाकूड खडखडीत वाळवा आणि चुलीत त्याला खालून हवा मिळू द्या. त्यासाठी लागणारं बहुतेक सामान भंगारात, पंक्चरच्या दुकानात नाहीतर आठवडी बाजारातल्या लोहाराकडे मिळतं.

1. आधी फोडा, मग वाळवा

ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचंच असू शकतं. चुलीत आधी ते पाणी उकळून जातं, त्यात उष्णता वाया जाते आणि घर धुराने भरतं. जळणात ओलावा 20 टक्क्यांच्या खाली हवा. साल असलेला गोल ओंडका महिनोन्‌महिने आतून ओलाच राहतो. तोच चिरून टाकला तर लवकर वाळतो. म्हणून होळीच्या आसपास फोडायला घ्या. एप्रिल-मेमधलं जळगाव-भुसावळचं ऊन पुढचं काम फुकटात करतं.

बांधावरचं झाड पाडायचा विचार असेल तर थांबा. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 नुसार साग, आंबा, चिंच, मोह अशी झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, मग ती आपल्या शेतातली का असेनात. वन विभागाकडे आधी विचारा. वाळक्या फांद्या, छाटणीची बाभूळ आणि कडुनिंब एवढ्यावर बऱ्याच घरांचं भागतं.

2. कुऱ्हाड, पाचर आणि जुनं टायर

कुऱ्हाड लोहाराकडून घडवून घ्या. ट्रकच्या कमान-पाट्याचं लोखंड वापरून, नीट पाणी दिलेली, म्हणजे तापवून बुडवून कडक केलेली कुऱ्हाड धार चांगली धरते. दांड्याला सातपुड्यातला धावडा मिळाला तर उत्तम, नाहीतर बाभूळ. आपल्याकडच्या उन्हात दांडा सुकून बारीक होतो आणि पातं ढिलं पडतं, म्हणून हाणण्याआधी दरवेळी हलवून बघा. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याचा उपाय सगळे सांगतात, पण लाकूड पुन्हा सुकलं की पातं आधीपेक्षा ढिलं होतं. दांड्याच्या टोकाला कोरड्या लाकडाची पाचर ठोका आणि वर्षातून एक-दोनदा दांड्याला जवसाचं तेल चोळा.

गाठीच्या लाकडावर नुसती कुऱ्हाड चालवणं म्हणजे हात मोडून घेणं. तिथे लोखंडी पाचर आणि घण लागतो. पाचरी दोन घ्या, कारण एक अडकली की तिला दुसरीच सोडवते. ओंडक्याच्या तोंडावर आधीच भेग दिसत असेल तर तिथेच ठोका. घण मारून मारून पाचरीचा माथा फुलतो आणि त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात. माथा फुलला की ग्राइंडरवर घासून आणा. डोळ्यांना हार्डवेअरच्या दुकानातला साधा प्लास्टिकचा चष्मा लावा.

पण या सगळ्यात माझा कौल जुन्या टायरला. जाड ठोकळ्यावर टायर आडवं ठेवून दोन-तीन खिळ्यांनी पक्कं करा. फोडायचं लाकूड त्यात उभं ठेवा, गच्च कोंबू नका. आता एकामागून एक घाव घाला. फुटलेल्या ढलप्या टायरमध्येच उभ्या राहतात, दर घावाला वाकून लाकूड पुन्हा उभं करावं लागत नाही. कमरेला आराम मिळतो. घाव चुकला तर बऱ्याचदा रबरावर बसतो, नडगी वाचते. पंक्चरवाला असं टायर बहुतेक वेळा फुकट देतो.

3. उचलणं

खताची रिकामी गोणी उसवून सपाट करा आणि दोन्ही टोकांना बांबूची काठी शिवा. मधे लाकडं ठेवून दोन्ही काठ्या एकत्र धरल्या की झाली झोळी. बाभळीच्या काट्यांसाठी वेल्डिंगवाल्यांचे चामडी हातमोजे घ्या, बागकामाचे कापडी मोजे इथे टिकत नाहीत.

4. रचणं

थप्पी थेट जमिनीवर लावली की वाळवी आलीच. खाली विटा, त्यावर दोन आडवे बांबू, मग लाकडं. ताडपत्री फक्त वरून टाका. चारी बाजूंनी गुंडाळली तर आतली वाफ आतच राहते आणि लाकडाला बुरशी धरते.

थप्पीत विंचू असतो, कधी साप. म्हणून हाताने ओढू नका. सळईचं टोक वाकवून केलेली हात-दीड हात लांब आकडी थप्पीजवळच टांगून ठेवा आणि लाकूड तिने बाहेर काढा.

पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचं मात्र वेगळं. झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत तग धरते, आणि शेताकडेला लावलेल्या ढिगातून पुढच्या हंगामाच्या कपाशीवर येते. जेवढ्या जाळायच्या तेवढ्याच पऱ्हाट्या बोंडं झोडून घरी आणा आणि पावसाळ्याआधी संपवा.

लाकूड वाळलं का, हे कळायला मीटर विकत घ्यायची गरज नाही. दोन तुकडे एकमेकांवर आपटा: वाळलेलं टणटणतं, ओलं भद्द वाजतं. तोंडावर भेगा पडलेल्या दिसतात आणि साल सहज सुटते. खात्रीच हवी असेल तर एका तुकड्यावर खूण करून दर आठवड्याला त्याच काट्यावर तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार.

5. चुलीत जाळी

सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. साध्या चुलीत लाकूड राखेवर लोळतं आणि त्याला खालून हवा मिळत नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडून सळईच्या तुकड्यांची, दोन-तीन बोटं उंच पायांची जाळी जोडून घ्या. सळ्यांमध्ये बोटभर फट ठेवा. चुलीचं तोंड मोजून न्या, नाहीतर जाळी बसत नाही. लाकूड जाळीवर, राख खाली, आणि मधून हवा. राजस्थानात ‘मेवाड अंगीठी’ म्हणून असंच साधं लोखंडी पत्र्याचं साधन साध्या चुलीत बसवतात.

जाळीखालची राख रोज काढा. राख साठून जाळीला टेकली की जाळी असून नसल्यासारखी.

6. पेटवणं आणि जाळ सांभाळणं

खाली तुराट्यांचे (तुरीच्या वाळलेल्या काड्यांचे) वीतभर तुकडे, वर बारीक ढलप्या, मग जाड लाकूड. रॉकेल, प्लास्टिकच्या पिशव्या आणि रंगवलेली किंवा प्लायवुडची लाकडं चुलीत नकोत, त्यांचा धूर विषारी असतो. कण्हेरीच्या काड्याही बाजूला काढा.

फुंकणीसाठी साधी लोखंडी नळी घ्या, हातभर तरी लांब, आणि एक टोक ठोकून अरुंद करा. जस्ताचा मुलामा दिलेली पाण्याची नळी टाळा, ती तापली की त्रासदायक धूर सोडते. फुंकून झालं की तोंड बाजूला करून श्वास घ्या.

जळण पदार्थाप्रमाणे निवडा. भरताच्या वांग्याला तुराट्या-पऱ्हाट्यांचा झटपट, उंच जाळ हवा. साल करपते आणि गर शिजेपर्यंत जाळ ओसरतो. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण जाड बाभळीच्या निखाऱ्यावर ठेवलंत तर तेही नुसतं उकडल्यासारखं लागेल. बट्टीला उलट गोवऱ्यांचा धग धरून राहणारा विस्तव लागतो आणि उलटायला लांब दांड्याचा चिमटा. खापराला एकसारखा जाळ हवा, म्हणून बारीक चिरलेली कोरडी लाकडं आधीच हाताशी ठेवा.

भांडी चुलीवर चढवण्याआधी बुडाला ओल्या मातीचा किंवा राखेचा हात फिरवा. काजळी त्या थरासकट निघते.

7. राख

वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहू शकतो. उकिरड्यावर किंवा कडब्याजवळ टाकली आणि उन्हाळ्यातला वारा सुटला, तर गंजीच पेटते. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा झाकणासकट ठेवा, राख त्यात दोन दिवस राहू द्या. मग चाळून घ्या: बारीक राख भांड्यांना आणि घरच्या बियाण्याला, उरलेला कोळसा पुन्हा चुलीला.