डेव्हलपमेंट स्टडीजची पदव्युत्तर पदवी : पुण्यातून निवड आणि अर्ज कसा करावा

विकास क्षेत्रात काम करायचं मनात असलेले बरेच विद्यार्थी सुरुवात जागतिक क्रमवारीपासून करतात. ससेक्स, एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स), ऑक्सफर्ड अशी यादी तयार होते, मग फीचा आकडा दिसतो आणि सगळंच बारगळतं. किंवा त्याहून वाईट म्हणजे कर्ज काढून पदवी हातात येते आणि मग कळतं की हव्या त्या कामासाठी ती पदवी नव्हतीच. म्हणून आधी काम ठरवा, मग अभ्यासक्रम, मग पैसा आणि शेवटी अर्ज. हा क्रम उलटा झाला की वर्ष वाया जातं.

पायरी 1 : काम ठरवा, पदवी त्यातून निघेल

'डेव्हलपमेंट' या एका नावाखाली चार वेगवेगळ्या वाटा आहेत.

पहिली आकड्यांची. योजनेचा परिणाम मोजणं, सर्वेक्षणाची माहिती तपासणं, धोरणाचा खर्च आणि फायदा काढणं. हे करायचं असेल तर अर्थशास्त्र हवं, आणि पुण्यात त्यासाठी 1930 साली स्थापन झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था आहेच. तिथली एमएस्सी करून पुढे गॉटिंगेनसारख्या ठिकाणी विकासाच्या अर्थशास्त्राकडे वळता येतं. हार्वर्डचा दोन वर्षांचा एमपीए-आयडी (आंतरराष्ट्रीय विकासासाठीची लोकप्रशासनाची पदवी) हा याच वाटेवरचा सगळ्यात कडक अभ्यासक्रम. सूक्ष्म आणि समग्र अर्थशास्त्राबरोबर बहुचल कलनाचा (मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस) विषय आधी झालेला असावा, अशी त्यांची अट असते. बीए राज्यशास्त्र केलेल्याने नुसतं नाव बघून तिथे अर्ज केला तर पहिल्याच छाननीत तो बाजूला पडतो.

दुसरी वाट समाज, सत्ता आणि राजकारण समजून घेण्याची. जमीन कोणाची, पाणी कोणाला, निर्णय कोण घेतं हे त्यातले प्रश्न. ससेक्सची आयडीएस (विकास अध्ययन संस्था, 1966), हेगची आयएसएस (सामाजिक अध्ययन संस्था, 1952, आता रॉटरडॅमच्या इरॅस्मस विद्यापीठाचा भाग), लंडनची सोआस, मँचेस्टर ही तिची जुनी ठिकाणं. आपल्याकडे मुंबईची टिस (टाटा समाजविज्ञान संस्था), बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ आणि दिल्लीचं आंबेडकर विद्यापीठ.

तिसरी तंत्रज्ञानाची आणि चौथी संस्था चालवण्याची. अभियांत्रिकी झालेल्यांनी आयआयटी मुंबईच्या सितारा केंद्राचा 'तंत्रज्ञान आणि विकास' हा एमटेक जरूर बघावा. सहकार, दूध संघ, शेतकरी उत्पादक कंपन्या यांत रस असेल तर आणंदची इर्मा ही ग्रामीण व्यवस्थापन संस्था, जी 2025 पासून त्रिभुवन सहकारी विद्यापीठात आली आहे. वस्तीपातळीवर थेट माणसांसोबत काम करायचं असेल तर मात्र यांपैकी कशाहीपेक्षा एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) बरं. ते कर्वेनगरातल्या कर्वे समाज सेवा संस्थेत, घरी राहून होतं.

पायरी 2 : नाव नको, विषयांची यादी वाचा

अभ्यासक्रमाच्या पानावरचा पहिला परिच्छेद सोडून द्या. तो सगळीकडे सारखाच असतो. खाली सक्तीच्या आणि ऐच्छिक विषयांची यादी असते, ती वहीत उतरवून घ्या आणि तीन गोष्टी तपासा.

संशोधनपद्धतीला किती जागा आहे? इंग्लंडमधली एक वर्षाची मास्टर्स साधारण 180 क्रेडिटची असते आणि त्यातले 60 बहुधा प्रबंधाचे. उरलेल्या 120 मध्ये संख्यात्मक पद्धतींचा एकच छोटा विषय असेल आणि तोही ऐच्छिक, तर मूल्यमापनाच्या नोकरीसाठी ती पदवी अपुरी पडणार. स्टाटा किंवा आर ही आकडेवारीची सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरायला शिकवतात की फक्त निष्कर्ष वाचायला, हे विषयाच्या तपशिलात स्पष्ट लिहिलेलं असतं.

दुसरं, क्षेत्रकार्य. एक वर्षाच्या अभ्यासक्रमात जून ते ऑगस्ट एवढाच वेळ प्रबंधाला मिळतो, त्यामुळे बरेच जण आधीच उपलब्ध असलेल्या माहितीवर काम करतात. गावात राहून अभ्यास करायचा असेल तर दोन वर्षांचा अभ्यासक्रम घ्या. ऑक्सफर्डचा डेव्हलपमेंट स्टडीजचा एमफिल (तिथे ही मास्टर्सचीच पदवी) दोन वर्षांचा आहे, केंब्रिजचा त्याच नावाचा एमफिल एका वर्षाचा, आणि दोन्हींची गल्लत नेहमी होते.

तिसरं, ऐच्छिक विषय यंदा खरंच शिकवले जाणार आहेत का. प्राध्यापक रजेवर असले की विषय बंद राहतो. ज्या एका विषयासाठी तुम्ही जाताय तो चालू आहे का, हे विभागाला ईमेल करून विचारा. उत्तर येतं.

पायरी 3 : आधी दोन वर्षं काम

पदवी संपताच परदेशी जाण्याची घाई बहुतेकांनी करू नये, असं आमचं ठाम मत आहे. त्यामागे एक रोकडं कारण आहे. मोठ्या शिष्यवृत्त्या अनुभवाशिवाय दार उघडत नाहीत. ब्रिटनच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीला 2,800 तासांचा अनुभव लागतो. आठवड्याला 35 तास धरले तर ते 80 आठवडे होतात, अर्धवेळ आणि स्वयंसेवी काम त्यात धरता येतं. जर्मनीच्या डाड (DAAD) या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची ईपॉस (EPOS) शिष्यवृत्ती पदवीनंतरचा दोन वर्षांचा अनुभव मागते आणि शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी नसावी अशीही तिची अट आहे. म्हणजे पदवीनंतर दोन ते सहा वर्षं ही खिडकी आहे.

अनुभवासाठी पुण्याइतकं सोयीचं शहर क्वचितच सापडेल. पाणलोट आणि हवामान यांवर काम करणारी 'वॉटर' (WOTR) ही संस्था, पाण्याच्या वाटपावर सोपेकॉम, भूजलावर अ‍ॅक्वाडॅम, वीज आणि आरोग्य धोरणावर प्रयास, पशुधन आणि शेतीवर वारज्याची बाएफ, बचत गटांवर राजगुरुनगरची चैतन्य, कचरावेचकांच्या संघटनेतून उभी राहिलेली स्वच्छ ही सहकारी संस्था. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या पावत्या आणि कामाचे तास लिहिलेला दाखला पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. नोकरी सोडल्यानंतर दोन वर्षांनी हे कागद गोळा करणं फार जड जातं.

नोकरीच्या बाजारावरही स्पष्ट बोललं पाहिजे. परदेशांना विकासमदत देणारी अमेरिकेची सरकारी संस्था यूएसएड 2025 च्या जुलैत बंद झाली. ब्रिटन आपली मदत 2027 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 वरून 0.3 टक्क्यांवर आणणार आहे. आपल्याकडे 2020 च्या एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) दुरुस्तीने परदेशी निधी पुढे दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्के झाली. आंतरराष्ट्रीय संस्थेत हमखास नोकरी मिळेल या गृहीतकावर आज कर्ज काढू नका.

पायरी 4 : पैशाचं गणित

इंग्लंडमध्ये एका वर्षाची फी लंडनबाहेर साधारण वीस ते पंचवीस हजार पौंड, लंडनमध्ये तीस हजारांच्या घरात किंवा वर. राहण्याखाण्याचा खर्च धरून लंडनबाहेरही चाळीस लाख रुपये लागतात. एवढं कर्ज साडेदहा टक्क्यांनी 15 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिना सुमारे 44 हजार, 10 वर्षांत फेडायचं म्हटलं तर 54 हजार. पुण्यातल्या सामाजिक संस्थेत सुरुवातीचा पगार अनेकदा याहून कमी असतो. शिष्यवृत्ती मिळाली तर जा, नाही तर टिस किंवा अझीम प्रेमजी. या दोन्ही पदव्यांना इथल्या संस्थांमध्ये मान आहे आणि अझीम प्रेमजीमध्ये घरच्या परिस्थितीनुसार फी-सवलत मिळते. टिसच्या प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज हिवाळ्यातच भरून होतात, ती तारीख परदेशाच्या धावपळीत चुकवू नका.

राज्य सरकारच्या योजनांचा सगळ्यात मोठा फायदा असा की त्यांची दोन कार्यालयं पुण्यातच आहेत. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, तिचं काम समाजकल्याण आयुक्तालयातून चालतं. मराठा, कुणबी विद्यार्थ्यांसाठी 'सारथी' या राज्य सरकारच्या पुण्यातल्या संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्ती. इतर मागासवर्गीय आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी त्या त्या विभागाच्या वेगळ्या योजना आहेत. उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट शासन निर्णयाप्रमाणे बदलत असते, म्हणून मागच्या वर्षीच्या मित्राचं ऐकून चालू नका, चालू वर्षाची जाहिरात वाचा. जात वैधता प्रमाणपत्र आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. अर्ज अडतात ते बहुधा याच दोन कागदांवर.

केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीबाबत एक धोक्याची सूचना. 2022 पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय त्यातून वगळले आहेत. 'महाराष्ट्रातील भूमिहीनांचा अभ्यास' असं लिहिलं की अर्ज थेट या अटीत सापडतो. डेव्हलपमेंटच्या विद्यार्थ्यांना हा अडथळा हमखास येतो, तेव्हा विषयाची मांडणी करण्याआधी नियमावली समोर ठेवा.

याखेरीज युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस योजनेतला ग्लोडेप हा ओलोमोउत, क्लेरमाँ आणि पाविया या तीन विद्यापीठांचा मिळून चालणारा अभ्यासक्रम आहे. त्याची शिष्यवृत्ती महिना 1,400 युरोची. कॉमनवेल्थची शेअर्ड शिष्यवृत्ती थेट ब्रिटिश विद्यापीठांमार्फत मिळते. 1892 पासून चालू असलेली जे. एन. टाटा एंडोमेंट मात्र कर्जरूपी आहे, ती परत फेडायची असते.

पायरी 5 : कागदपत्रं

पुणे विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव असतं, पासपोर्टवर क्रम वेगळा. अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच भरा. स्पेलिंगमध्ये फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करून घ्या, प्रवेश मिळाल्यावर नको. ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज शेवटच्या तारखेच्या दोन महिने आधी टाका. दहाच्या श्रेणीचे टक्के स्वतः काढू नका, गुणपत्रिकेवर किंवा विद्यापीठाच्या पत्रात जे सूत्र दिलंय तेच वापरा. ब्रिटिश विद्यापीठं बहुतेक वेळा 60 टक्क्यांच्या वर मागतात. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत 6.5 ते 7 लागतात आणि लेखनात गुण कमी पडतात, तेव्हा सराव लेखनाचाच करा.

शिफारसपत्रांची अडचण बारीक आहे पण अर्ज तिथे अडतो. अनेक विद्यापीठांची यंत्रणा खासगी जीमेल पत्ता मान्य करत नाही आणि आपल्या महाविद्यालयांतल्या बऱ्याच सरांचा अधिकृत ईमेलच नसतो. सहा आठवडे आधी सरांना किंवा मॅडमना भेटा, महाविद्यालयाचा ईमेल चालू करून घेण्याची विनंती करा, सोबत तुमच्या कामाची एक पानी माहिती द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते परीक्षा आणि पेपर तपासणीत अडकलेले असतात.

पायरी 6 : हेतुपत्र

अर्जात सगळ्यात जास्त वेळ याला द्या. 'लहानपणापासून मला समाजासाठी काही करायचं होतं' हे वाक्य निवड समिती रोज वाचते. त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी कामात दिसलेली एक अडचण घ्या. नमुन्यादाखल : 'पुरंदर तालुक्यात पाणलोटाचं काम झालेल्या गावात विहिरींची पातळी वाढली, पण ते पाणी खोल बोअर घेऊ शकणाऱ्यांनीच उपसलं. ग्रामसभेचे ठराव कागदावर राहिले. भूजलाचे सामुदायिक नियम कुठे टिकतात आणि कुठे मोडतात, हे मला शिकायचं आहे.' या तीन वाक्यांत ठिकाण आहे, निरीक्षण आहे, आणि पुढच्या ओळीत 'म्हणून तुमच्याकडचा पाण्याच्या राजकारणाचा विषय' असं सहज जोडता येतं. प्रत्येक विद्यापीठासाठी हा शेवटचा दुवा नव्याने लिहावा लागतो. जुन्या विद्यापीठाचं नाव तसंच राहून गेल्याने नाकारले जाणारे अर्ज कमी नाहीत.

पायरी 7 : तारखा आणि प्रवेश मिळाल्यावर

सप्टेंबरला जायचं तर आदल्या वर्षीच्या जुलैत कामाला लागा. चीव्हनिंगचे अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि त्यात तीन अभ्यासक्रम लिहावे लागतात. इरॅस्मस मुंडसचे बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत, ऑक्सफर्ड-केंब्रिजचे डिसेंबर-जानेवारीपर्यंत.

ब्रिटनच्या व्हिसासाठी फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च सलग 28 दिवस खात्यात असावा लागतो. मध्ये एक दिवस जरी रक्कम कमी झाली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. विद्यार्थ्यासाठी आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) वर्षाला 776 पौंड आहे आणि मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोगाची तपासणीही लागते. जर्मनीला जाणाऱ्यांनी एपीएस प्रमाणपत्राचा (आपल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचा) अर्ज प्रवेशाची वाट न बघता करावा.

सरकारी शिष्यवृत्तीचा निकाल आणि विद्यापीठात अनामत भरायची मुदत यांचा मेळ बऱ्याचदा बसत नाही. विद्यापीठाला वेळीच लिहून मुदतवाढ मागा आणि ती नाकारली तर प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येईल का, हे विचारा. उत्तर लेखी घ्या. तेच पत्र पुढच्या वर्षीच्या शिष्यवृत्ती अर्जाला जोडता येतं.