अभिनय शिकायला निघालात? आधी रडणं बाजूला ठेवा

पुरुषोत्तम करंडकाची एकांकिका स्पर्धा गाजवून आलेली मुलं अभिनयाचा रीतसर अभ्यास करायला लागली, की पहिल्यांदा हातात रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की पडतो. 'भावस्मृती', म्हणजे स्वतःचा जुना अनुभव आठवून भावना जागी करणं, कळते आणि गाडी तिथंच रुतते. माझी अजून पुरती निघालेली नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

एका शिबिरात आम्हाला घरातला मृत्यू आठवायला लावला होता. तालमीत ढसाढसा रडू आलं, सगळे खूश. प्रयोगात कधी डोळे कोरडे. कधी रडू आलंच तर गळा दाटून वाक्यं चौथ्या रांगेतच संपायची. शिवाय समोरचा नट काय बोलतोय याकडे लक्षच नाही, सगळं ध्यान स्वतःच्या दुःखावर.

हे सगळं स्तानिस्लाव्स्कीच्या नावावर खपतं. पण भावस्मृतीवरचा त्याचा भर सुरुवातीचा. १९३०च्या दशकात तो शारीरिक कृतींकडे वळला. १९३४ मध्ये अमेरिकन नटी स्टेला ॲडलर त्याला पॅरिसमध्ये भेटली आणि अमेरिकेत परतून तिने आपल्या नाटकमंडळींना तेच सांगितलं. त्याच मंडळींतला दिग्दर्शक ली स्ट्रासबर्ग, त्याला पटलं नाही. आपल्याकडे 'मेथड' अभिनय म्हणून जे येतं ते बहुतेकदा या स्ट्रासबर्गचं असतं.

करून बघा. गावाहून पत्र आलंय. दुःख वगैरे काही आणू नका. पाकीट उलटंसुलटं करा, अक्षर कुणाचं ते बघा, आतला कागद फाटू नये म्हणून कडेनं हळूच बोट घाला. धास्ती त्यातूनच येते. नाही आली तरी प्रेक्षकाला निदान पत्र उघडणारा माणूस दिसतो.

आणि सगळा अभिनय आतूनच येतो असंही नाही. जर्मन नाटककार ब्रेख्तने १९३५ मध्ये मॉस्कोत चिनी नट मे लानफांगला पाहिलं. पात्रात विरघळून न जाता ते दाखवणारा नट त्याला तिथं सापडला. आपल्याला त्यासाठी मॉस्को कशाला हवं? १९७२ मध्ये पुण्यात 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं, त्यात ब्राह्मणांची ओळ पाठ फिरवली की भिंत होते. आता भिंतीची भावस्मृती कुठून आणणार! तिथं ताल लागतो, शेजाऱ्याच्या खांद्याचं भान लागतं.

'काय वाटतंय?' एवढंच विचारणाऱ्या गुरूपासून चार हात लांब राहा. 'काय करतोयस?' विचारणारा भेटला तर त्याच्या तालमीत सतरंज्या घालायची वेळ आली तरी घाला. दोन दिवसांत मेथड शिकवणाऱ्यांना मात्र फी देऊ नका. आणि पटकन रडू येत नाही म्हणून खचू नका. नाट्यशास्त्रातल्या भरताच्या चार अभिनयांत सात्त्विक, म्हणजे अश्रू-रोमांचासारखा आतून येणारा, हा एक आहे; उरलेल्या तिन्हींवर, म्हणजे अंग, वाणी आणि वेशभूषा यांवर, आजपासून काम सुरू करता येतं.