पाचट पेटवू नका, बुरशीच्या हवाली करा

ऊस तुटला की संध्याकाळी शिवारात धूर दिसू लागतो. एक हेक्टर उसातून ८ ते १० टन पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, निघते. ते पेटवले की त्यातले नत्र आणि सेंद्रिय कर्ब हवेत जातात आणि गावातली लहान मुले, दमेकरी रात्रभर खोकत राहतात. हेच पाचट कुजवायला बुरशी तयार आहे. तिला फक्त खायला आणि ओल द्यावी लागते.

तोडणीनंतर बुडख्यांवर पडलेले पाचट सरीत ओढून घ्या आणि बुडखे जमिनीलगत छाटा. छाटलेल्या बुडख्यांवर बुरशीनाशक मारणार असाल, तर फवारा बुडख्यांपुरताच ठेवा आणि पाचटावर संवर्धक (पाचट कुजवणाऱ्या बुरशीची पूड) टाकायला आठवडाभर थांबा. एका हाताने बुरशी सोडायची आणि दुसऱ्या हाताने तिलाच मारायचे, ही चूक दरवर्षी बऱ्याच शेतांत होते.

एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे संवर्धक लागते. संवर्धक चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून उन्हे कलल्यावर पसरा आणि लगेच पाणी द्या. युरियाचा खर्च वाचवू नका. पाचटात कर्ब भरपूर, नत्र फार कमी. युरिया दिला नाही तर बुरशी जमिनीतले नत्र ओढते आणि खोडवा, म्हणजे बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस, पिवळा पडतो.

काही दिवसांनी पाचट उचलून पाहिले तर खाली पांढरे धागे दिसतील. तो रोग नाही, बुरशी कामाला लागल्याची ती खूण आहे. तेव्हा औषध मारायला धावू नका. पाचट मात्र कोरडे पडू देऊ नका, नाहीतर कुजणे थांबते आणि हलक्या रानात वाळवी लागते.

बुरशीची ताकद पाचटापुरती नाही. लाकूड कुजवणारी फॅनेरोकीट ही बुरशी डीडीटी या कीटकनाशकासारखे चिवट रसायनही तोडते, हे १९८५ साली प्रयोगशाळेत दिसले. पण म्हणून आपले संवर्धक रानातली सगळी विषे धुऊन काढील, असे कोणी सांगितले तर पैसे देऊ नका. शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू कोणतीच बुरशी संपवू शकत नाही.

संवर्धक कृषी विद्यापीठातून किंवा पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या वसंतदादा साखर संस्थेतून घ्या. पिशवीवरची मुदत वाचा आणि पिशवी घरात सावलीला ठेवा, खताच्या पोत्यांशेजारी नको.